लहान गावातल्या आकाशवाणी केंद्राचा इतिहास लिहायचा, तर हात कुठे घालायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या गावी आकाशवाणीचं लहान एफएम केंद्र आहे, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निघालेलं. तिथले काही जुने निवेदक आणि काही श्रोते मिळून त्याचा इतिहास लिहू पाहतायत. केंद्रात विचारलं तर 'जुनं काही शिल्लक नाही' असं उत्तर मिळालं. गावात विचारलं तर दहा जण दहा गोष्टी सांगतात, आणि त्या एकमेकींना जुळत नाहीत. मग खरं शोधायचं कसं?

माझी सगळी नोकरी आकाशवाणीच्या लहान केंद्रांवर गेली. ट्रेक्स म्हणून, म्हणजे प्रसारण सांभाळणारा म्हणून लागलो आणि पेक्स म्हणून, म्हणजे कार्यक्रम अधिकारी म्हणून सुटलो. निवृत्तीनंतर दोन केंद्रांचा इतिहास जमवायचा उद्योग केला. पहिला पार फसला. तो का फसला ते आधी सांगतो, तुमचे सहा महिने वाचतील.

मी सुरुवात केली १९२३ च्या मुंबईतल्या रेडिओ क्लबपासून. मग २३ जुलै १९२७, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र. १९३० मध्ये कंपनी बुडाली, सरकारने कारभार हातात घेतला, ८ जून १९३६ ला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. ३ ऑक्टोबर १९५७, विविध भारती. असं करत करत एकेचाळिसाव्या पानावर आमचं गाव उगवलं, आणि तिथेही पहिलं वाक्य उद्घाटनाच्या फितीचं. एका जुन्या सहकाऱ्याला वाचायला दिलं. त्याने आठवड्याने परत आणून दिलं आणि म्हणाला, "यातलं गावाचं नाव खोडून दुसरं घातलंस तरी कुणाला कळणार नाही बघ."

दुसऱ्या खेपेला मी एकच प्रश्न धरला. हे केंद्र दिवसाला किती मिनिटं स्वतःच्या तोंडाने बोललं?

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटतो. केंद्र आहे म्हणजे तेच बोलत असणार. पण लहान केंद्राच्या दिवसाचा मोठा भाग सहक्षेपणाचा असतो, म्हणजे दुसऱ्या केंद्राचं घेऊन तसंच पुढे सोडायचं. दिल्लीच्या बातम्या, पुण्याच्या सकाळी सातनंतरच्या प्रादेशिक बातम्या, मुंबईच्या बातम्या, विविध भारतीचे तास, शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम. हे सगळं तुमच्या मनोऱ्यावरून गेलं, पण ते तुमच्या गावातून निघालं नाही. उरलेल्या वेळात ग्रामोफोन रेकॉर्डी, नंतर सीडी. हे सगळं वजा करा. मग जे हाताला लागतं, म्हणजे गावातल्या माणसाने गावातल्या स्टुडिओत बसून काढलेली मिनिटं, तोच तुमचा विषय. आपण आठवणीत ज्याला 'आपलं केंद्र' म्हणतो ते बहुधा तेवढंच असतं.

हा हिशेब काढायला लागणारा कागद अस्तित्वात आहे. त्याला फिक्स्ड पॉइंट चार्ट म्हणतात, आमच्या बोलण्यात एफपीसी. आठवड्याचे सात दिवस, तीन सभा म्हणजे दिवसातली तीन प्रसारणं, पहाटेच्या संकेतधुनेपासून रात्रीच्या समाप्तीपर्यंत कोणत्या मिनिटाला काय जाणार याचा तक्ता. तो ठरावीक मुदतीने नव्याने मंजूर होतो. केंद्रात 'जुनं काही नाही' असं सांगणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे ध्वनिफिती असतात, कागद नसतात. त्याला ध्वनिफिती विचारू नका. 'जुने एफपीसी आणि पत्रव्यवहाराच्या फायली कुठे असतात?' असं विचारा. माझ्या बाबतीत ते जनरेटरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात निघाले, वर उंदरांनी कुरतडलेल्या स्टॉक रजिस्टरांचा थर होता.

दर पाच वर्षांचा एक तक्ता घ्या आणि दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसा. सहक्षेपण लाल, स्वतःचं निळं. मी हे केलं तेव्हा प्रकरणं आपोआप पडली. पहिली काही वर्षं निळा रंग वाढत गेलेला, मग एका तक्त्यात तो अचानक आटलेला. मी आधी समजत होतो की दूरचित्रवाणीने श्रोते नेले म्हणून कार्यक्रम कमी झाले. कागद वेगळं बोलत होते. त्या वर्षी दोन कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या होत्या आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्याच नाहीत. श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची नाटकं, बसवणारा माणूस गेला, श्रुतिका गेल्या. एवढं साधं होतं. रिक्त पदांबद्दल शंका असेल तर संसदेतली प्रश्नोत्तरं बघा. आपापल्या मतदारसंघातलं केंद्र, त्याची क्षमता, तिथली रिकामी पदं यांवर खासदार अधूनमधून प्रश्न विचारत आले आहेत आणि मंत्रालयाची लेखी उत्तरं दप्तरात आहेत. हा स्रोत फुकट आहे, आणि फारसं कुणी तिकडे फिरकत नाही.

आता तुमच्या केंद्राच्या पिढीबद्दल. महाराष्ट्रात आकाशवाणी थरांनी आली. आधी मुंबई, मग १९४८ ला नागपूर, १९५३ ला पुणे, १९६३ ला सांगली, साठ-सत्तरच्या दशकांत परभणी, जळगाव, रत्नागिरी. ही सगळी मध्यमलहरींवरची, म्हणजे मीडियम वेव्हची. यांना स्वतःचा मोठा संसार होता. स्टुडिओ गावात, ट्रान्समीटर गावाबाहेर शेतात, पगारी वादक, नाटक विभाग, शेती विभाग. तुमचं केंद्र त्यानंतरच्या 'स्थानिक केंद्र' या कल्पनेतून आलं. देशातलं पहिलं तसं केंद्र १९८४ मध्ये तमिळनाडूत नागरकोईलला निघालं. पुढे सातव्या पंचवार्षिक योजनेत अशा केंद्रांची मोठी मांडणी झाली, आणि इमारती व मनोरे उभे राहीपर्यंत नव्वदचं दशक उजाडलं. सातारा, नगर, बीड, नांदेड, धुळे, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर ही सगळी त्याच सुमाराची भावंडं. साचा जवळपास एकच. तीन किलोवॉटचे दोन ट्रान्समीटर जोडून सहा किलोवॉट, शंभर मीटरच्या आसपासचा मनोरा, आणि त्याच आवारात एक बहुउद्देशीय स्टुडिओ, एक ध्वनिमुद्रण-संकलनाची खोली, एक नियंत्रण कक्ष. माणसं मोजकी. कल्पना अशी की जिल्ह्याचं बोलणं जिल्ह्याने ऐकावं आणि अधिकाऱ्याने खुर्चीत न बसता टेपरेकॉर्डर खांद्याला लावून गावोगाव हिंडावं. कल्पना उत्तम होती. हिंडायला गाडी असे तेव्हा डिझेलची मंजुरी नसे, हा भाग योजनेच्या कागदात नव्हता.

एक गोष्ट तुमच्या इतिहासात ठळक यायला हवी, कारण ती बहुतेक स्मरणिकांतून सुटते. केंद्र सुरू झालं त्या दिवशी गावात ते ऐकू शकणारे रेडिओ किती होते? एफएम केंद्र निघालं खरं, पण घराघरातले ट्रान्झिस्टर एका किंवा दोन बँडचे, मध्यमलहरी आणि फार तर लघुलहरी. त्यांच्यावर एफएमचा पट्टाच नव्हता. सुरुवातीला आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत 'तुमचं केंद्र लागत नाही' हेच वाक्य जास्त. आम्ही मनोऱ्याकडे बघायचो, अभियंते मीटरकडे बघायचे, सगळं ठीक. दोष श्रोत्याच्या देव्हाऱ्याशेजारच्या त्या जुन्या सेटमध्ये होता. मग रेडिओ दुरुस्तीवाल्यांनी जुन्या सेटमध्ये एफएम किट बसवून द्यायला सुरुवात केली. तुमच्या गावात असा कुणी मेकॅनिक अजून असेल तर त्याला आधी गाठा. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यापेक्षा तो महत्त्वाचा आहे. केंद्र खऱ्या अर्थाने कधी ऐकू येऊ लागलं हे त्याला माहीत असतं.

त्याच्या अलीकडची पायरी मोबाइलची. दोन हजारनंतरच्या दशकात साध्या फोनमध्ये एफएम आलं, इअरफोनची वायर हाच एरियल झाला, आणि शेतातला, एसटीतला, गुरांमागचा तरुण श्रोता अचानक मिळाला. फर्माइशीच्या पत्रांचे गठ्ठे कमी झाले आणि फोन वाढले. हे तुमच्या वह्यांत दिसेल. पुढे महागड्या स्मार्टफोनमधून एफएम हळूहळू गायब झालं, तेही दिसेल.

आता ध्वनिफितींचा विषय. त्या गेल्या कुठे, हा प्रश्न मला प्रत्येक जण रागाने विचारतो, जणू मी घरी नेल्या. त्या पुसल्या गेल्या. पाव इंची टेप, सेकंदाला साडेसात इंच वेगाने फिरणारी. सात इंची स्पूलवर बाराशे फूट टेप बसते, म्हणजे बत्तीस मिनिटं. अर्ध्या तासाच्या एका कार्यक्रमाला एक स्पूल. रोज अर्धा तास नवीन काढायचा तर वर्षाला साडेतीनशेच्या वर स्पूल लागणार, आणि लहान केंद्राच्या वाट्याला तेवढ्या कधीच येत नसत. म्हणून कार्यक्रम वाजला, मानधनाचा कागद पुढे गेला, की स्पूल बल्क इरेजरवर, म्हणजे अख्खी टेप एकदम पुसणाऱ्या यंत्रावर ठेवायची. एक भुणभुण आवाज येतो आणि अर्ध्या तासाचं माणूस कोरं होतं. मी स्वतः शेकडो पुसल्या आहेत. लोहाराच्या भात्यावरची गाणी म्हणणारा एक म्हातारा माझ्या हाताने गेला. त्या दिवशी दुपारी शेतीच्या कार्यक्रमाला टेप नव्हती.

जतन करायच्या टेपांचा निर्णय वेगळा असे. त्यांना संग्रहालयाचा क्रमांक पडायचा आणि डब्यात क्यू शीट जायची. त्या कागदावर विषय, सहभाग, मुद्रणाची तारीख, कालावधी, सुरुवातीचे शब्द, शेवटचे शब्द. टेप खराब झालेली असली तरी क्यू शीट फेकू नका. 'प्रारंभ: राम राम मंडळी, यंदा पावसानं...' एवढी ओळ जरी राहिली तरी त्या कार्यक्रमाची बोलीभाषा तुमच्या हातात येते. संग्रहालयाचं दाखलपुस्तकही बघा. कुठलं वाचवलं आणि कुठलं पुसलं यातून त्या त्या वेळच्या साहेबांची नजर कळते. माझ्या अनुभवात पुढाऱ्यांची भाषणं वाचली, शास्त्रीय गायन वाचलं, आणि शेतकरी, सुईणी, कुंभार, शाळकरी पोरं पुसली गेली.

पण पुसलेलं सगळं गेलं असं समजू नका. लोकांनी घरी मुद्रण केलेलं असतं. टू-इन-वन, म्हणजे कॅसेटवर मुद्रण करणारे रेडिओ आले तेव्हा ज्याचा मुलगा बालसभेत कविता म्हणणार, तो बाप बोट बटणावर ठेवून बसलेला असे. ज्या भजनी मंडळाचा कार्यक्रम लागणार, त्याच्या गावात चार जणांनी तरी कॅसेट लावलेली असे. आमच्या केंद्राच्या सगळ्यात जुन्या आवाजाचा नमुना मला केंद्रात मिळाला नाही, एका पतसंस्थेच्या शिपायाच्या घरी मिळाला. त्यात निवेदिकेचा आवाज, मध्ये कुकरची शिट्टी, आणि 'अगं गप, दादाचा नंबर आला' असं कुणीतरी ओरडतंय. स्टुडिओची प्रत मिळाली असती तर ही शिट्टी मिळाली नसती.

अशा कॅसेटी हाती आल्या की भराभर पुढेमागे फिरवू नका. बुरशी असेल, विशेषतः दमट भागात, तर साफ केल्याशिवाय मशिनला लावूच नका, एका टेपची बुरशी हेडवरून दुसरीला जाते. मोठ्या स्पूलच्या टेपा काही वेळा चिकट होतात, फिरवताना किंचाळतात आणि हेडवर तपकिरी मळ सोडतात. तिथे हट्ट करू नका, जाणकाराकडे द्या. एकदाच नीट वाजवा आणि त्याच वेळी अंकीय प्रत काढा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एमपीथ्री वाटायला ठेवा, जपायला नको. आवाज 'स्वच्छ' करण्याचा मोहही नको. खरखर काढायच्या नादात एका हौशी मदतनिसाने आमच्या तंबोऱ्याचा षड्जच काढून टाकला होता.

ड्युटी रूमची वही हा दुसरा खजिना. प्रत्येक सभेला ड्युटी ऑफिसर त्यात लिहीत असे. कोण निवेदक आला, कोण उशिरा आला, कुठल्या मिनिटाला वीज गेली, सहक्षेपणाची लाइन कधी तुटली, कुठला वक्ता आलाच नाही आणि त्याच्या जागी काय वाजवलं. भाषा कोरडी, अर्धी इंग्रजी. वाचायला कंटाळा येतो, पण खोटं बोलायला त्यात वाव कमी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीत ती वाचली जायची. एक युक्ती सांगतो. वही पहिल्या पानापासून वाचू नका. आधी तारखा ठरवा. जिल्ह्यात पूर कधी आला, दंगल कधी झाली, मोठा नेता कधी गेला, गणपतीत कधी संचारबंदी लागली. त्या दिवसांची पानं उघडा. सांगली केंद्राचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर मी त्याला सांगेन, ११ डिसेंबर १९६७ पासून सुरुवात कर. कोयनेचा भूकंप पहाटे सव्वाचारनंतर झाला. केंद्र तेव्हा चार वर्षांचं होतं आणि सकाळची सभा सुरू व्हायची होती. त्या सकाळी माइकपुढे कोण बसलं, काय बोलायची परवानगी होती आणि काय नव्हती, हे शोधणं म्हणजेच त्या केंद्राचा इतिहास. बीड, नांदेडवाल्यांसाठी तशीच पहाट ३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीची.

'काय बोलायची परवानगी' हे मुद्दाम म्हणतोय. लहान केंद्रांत बातम्यांचा स्वतःचा विभाग बहुधा नसतो. गावात डोळ्यांपुढे काही घडलं तरी ते बातमी म्हणून सांगता येत नाही. मग निवेदक 'निवेदन' म्हणून सांगतो, 'जिल्हा प्रशासन कळवते की' असं म्हणून सांगतो, धरणातून किती पाणी सोडलं ते सांगतो. बातमी नाही पण माहिती आहे, अशा त्या अरुंद बोळातून लहान केंद्रांनी किती काय नेलं, हे वहीत सापडतं.

आता माणसं. पगारपत्रकावरून यादी केलीत तर निम्मं केंद्र बाहेर राहील. रोजचा आवाज बहुतेक वेळा नैमित्तिक निवेदकांचा. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या, दर ड्युटीला मानधन, नोकरीची हमी नाही. शिक्षिका, वकील, एलआयसी एजंट, लग्न होऊन गावात आलेल्या आणि बोली अजून माहेरची असलेल्या मुली. गावाने आपलं मानलं ते यांना. पण सेवापुस्तकात यांचं नाव नाही, निवृत्तीच्या निरोप समारंभाचा फोटो नाही. त्यांना शोधायचं ते करारपत्रांच्या नोंदवहीत आणि ड्युटी चार्टवर. हीच गोष्ट साथीच्या वादकांची, लोककलावंतांची आणि ऑडिशनला येऊन नापास झालेल्यांची. नापासांना जरूर भेटा. आमच्या भागातल्या एका शाहिराला दोनदा नाकारलं होतं, कारण त्याचा आवाज 'माइकला जड' होता. तो तिसऱ्यांदा आला नाही. त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही, पण पंचक्रोशी त्याला ओळखते. केंद्राने कुणाला आवाज दिला हे लिहाल, तेव्हा कुणाला दिला नाही हेही लिहा.

वाहनचालक, चौकीदार, मनोऱ्याखाली राहणारा तंत्रज्ञ, यांच्या मुलाखती मी शेवटी घेतल्या आणि पस्तावलो. आधी घ्यायला हव्या होत्या. चालकाला गावोगावचं सगळं ध्वनिमुद्रण आठवत असतं, कारण तो झाडाखाली बसून संपूर्ण ऐकत असे. आमचं लक्ष मीटरच्या काट्यावर.

आता गावात सांगितल्या जाणाऱ्या दहा गोष्टींबद्दल. लोक खोटं बोलत नाहीत, पण रेडिओची आठवण एकमेकांत मिसळते. श्रीलंकेच्या रेडिओवरून ऐकलेली लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी, विविध भारतीवरची फौजी भावांची फर्माइश आणि गावच्या केंद्रावरचं भावगीत, सगळं एकाच लाकडी पेटीतून आलं, म्हणून आठवणीत ते एकाच केंद्रातून येतं. 'तुम्हाला केंद्राबद्दल काय आठवतं?' असा प्रश्न टाकलात की माणूस सभेत बोलल्यासारखं बोलायला लागतो. त्याऐवजी विचारा, रेडिओ घरात कुठे ठेवला होता? सकाळी कोण लावायचं? सेल संपले की काय करायचात? कुठला कार्यक्रम लागला की शाळेला निघायचात? घड्याळ नसलेल्या घरात रेडिओ हेच घड्याळ होतं. 'सातच्या पुण्याच्या बातम्या लागल्या की भाकरी तव्यावर', ही आठवण पक्की असते आणि एफपीसीशी ताडून बघता येते.

तुमच्या आधी गावाने कोणतं केंद्र ऐकलं, हेही शोधा. त्यासाठी जुन्या परवान्याच्या वह्या विचारा. १९८५ पर्यंत रेडिओ घरात ठेवायला परवाना लागत असे, पोस्टात जाऊन त्याचं नूतनीकरण करायचं. अनेक घरांत रेशनकार्डाच्या आणि सातबाराच्या पिशवीत ती वही अजून निघते. तीवर तारीख असते, म्हणजे त्या घरात रेडिओ कधी आला ते ठामपणे कळतं.

मध्यमलहरींची आठवण तपासायला एक खूण माझ्या फार कामी आली. आज आपण सांगली १२५१, जळगाव ९६३, रत्नागिरी ११४३, परभणी १३०५ किलोहर्ट्झ म्हणतो. या सगळ्या आकड्यांना नवाने भाग जातो, हा योगायोग नाही. आंतरराष्ट्रीय करारानुसार २३ नोव्हेंबर १९७८ पासून आपल्याकडच्या मध्यमलहरी केंद्रांमध्ये नऊ किलोहर्ट्झचं अंतर आलं, त्याआधी ते दहाचं होतं. तेव्हा कुणी 'साठच्या दशकात आम्ही बरोबर १२५१ वर लावायचो' असं छातीठोक सांगितलं, तर तो आकडा नंतर चिकटला आहे. त्या काळच्या तबकडीवर मीटर लिहिलेले असत आणि माणसाची आठवण 'दोनशे चाळीसच्या जरा अलीकडे' अशी असते. कुठल्या वर्षी कुठलं केंद्र किती शक्तीने आणि कुठल्या कंपनसंख्येवर चालत होतं हे ताडायला 'वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक'चे जुने अंक वापरा. ते १९४७ पासून निघतं आणि दूरची केंद्रं पकडण्याचा छंद असलेल्या मंडळींच्या कपाटात असतं. ही मंडळी केंद्राला अहवाल पाठवून उत्तरादाखल पोचकार्ड मिळवत. अशा एका छांदिष्टाच्या वहीतून मला आमच्या केंद्राच्या चाचणी प्रसारणाची तारीख मिळाली. उद्घाटनाच्या कितीतरी आधी केंद्र हवेत होतं, फक्त गाणी वाजवत.

शेतीच्या कार्यक्रमांना एक स्वतंत्र प्रकरण द्या, आणि ते कृषी विद्यापीठाच्या आकडेवारीने भरू नका. या परंपरेचं एक मूळ आपल्याकडेच आहे. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम. गावकरी एकत्र बसून ऐकायचे, चर्चा करायचे, आणि त्यांचे प्रश्न परत केंद्राकडे जायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचं मोजमाप केलं. 'परत केंद्राकडे जायचे' हा भाग महत्त्वाचा, कारण पुढे तोच सगळ्यात आधी गळाला. तुमच्या केंद्रात शेतकऱ्यांची पत्रं कोण वाचत असे, त्यावर उत्तर किती दिवसांनी जाई, हे शोधा. शेतीचा माणूस बोलीत बोलत असे की छापील मराठीत, हेही. तमिळनाडूत तंजावर भागात भाताच्या एका नव्या वाणाला शेतकरी 'रेडिओ भात' म्हणू लागले होते, कारण त्याची माहिती त्रिची केंद्रावरून ऐकली होती. तुमच्या भागात असं काही नाव रुळलं असेल, एखादं बियाणं, एखादा औषधी पाला, एखादं व्रत सुद्धा, तर ते टिपून घ्या. बाजारात फिरून विचारा.

अलीकडच्या काळावर मी थोडंच सांगेन, कारण तिथे कागद मुबलक आहेत. १९९७ मध्ये आकाशवाणी-दूरदर्शन सांभाळणारी प्रसारभारती आली. २००४ मध्ये किसानवाणी सुरू झाली आणि एफएम केंद्रांच्या संध्याकाळी शेतीचा अर्धा तास पक्का झाला. हळूहळू स्पूल गेले, संगणक आला. आता अनेक मध्यमलहरी ट्रान्समीटर बंद झालेत किंवा त्या वाटेवर आहेत. २८ एप्रिल २०२३ ला देशभरात शंभर वॉटचे ९१ एफएम ट्रान्समीटर एकदम सुरू झाले. बातमीत त्यांनाही लोक 'नवं केंद्र' म्हणतात, पण ते दुसरीकडून आलेलं पुढे पाठवणारे आहेत. तुमच्या केंद्राच्या निळ्या पेन्सिलीचं मोल तिथे समजतं. नव्या तक्त्यात तो निळा रंग किती उरला आहे तेही लिहा, कुणाला आवडो न आवडो. सरकारी नोकरीतल्या मित्रांनी माझ्यावर या एका पानावरून अबोला धरला होता, दिवाळीला सुटला.

तुलनेसाठी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी बघून या. ते सामुदायिक केंद्र, ९०.४ मेगाहर्ट्झवर, २००८ पासून. पन्नास वॉटच्या आसपासचा ट्रान्समीटर, पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा, पण जवळजवळ सगळंच स्वतःच्या तोंडचं. सहा किलोवॉटच्या केंद्राने त्यांच्याकडून काय शिकावं यावर मी बोलत नाही. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की सामुदायिक केंद्रांना प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवण्याची अट आहे. तीन महिन्यांनंतर संगणकातली जागा मोकळी करायला तिथेही कुणीतरी बटण दाबतंच. बल्क इरेजरचा आवाज तेवढा येत नाही.

कामाचा क्रम विचारलात तर या आठवड्यात दोनच गोष्टी करा. केंद्रप्रमुखांना पत्र देऊन एफपीसी, ड्युटी रूमच्या वह्या आणि करारपत्रांची नोंदवही यांचे फोटो काढायची लेखी परवानगी मागा. 'इतिहास' हा शब्द पत्रात घालू नका, 'वर्धापनदिनानिमित्त माहिती संकलन' म्हणा. इतिहास म्हटलं की फाइल वरच्या कार्यालयात जाते. आणि दुसरं, तुमच्या केंद्राच्या सगळ्यात वयस्कर निवेदिकेकडे आजच जाऊन या. रेकॉर्डर सुरू करा आणि त्यांना फक्त केंद्राची सकाळची पहिली उद्घोषणा म्हणून दाखवायला सांगा. बाकीचं त्या आपणहून सांगतील. चहा ठेवायला उठल्या तरी रेकॉर्डर बंद करू नका.